बस्ता सापडतो, नंबर पाहिजे

(कोर्टाच्या कागदांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे काका विदर्भातल्या दिवाणी कोर्टांत, बराच काळ नक्कल विभागात आणि रेकॉर्ड रूममध्ये, नोकरी करून निवृत्त झाले. आता नागपुरात महालात राहतात.)

प्रश्न : काका, माझ्या बाबांनी पूर्वी मानेवाड्याकडे एका लेआउटमध्ये प्लॉट घेतला होता. इसारचिठ्ठी झाली, पैसे बरेचसे दिले, पण लेआउटवाल्यानं विक्रीपत्र करून दिलं नाही. मग बाबांनी १९९०च्या सुमारास दावा टाकला. “आपण केस जिंकलो होतो,” एवढंच आई सांगते. बाबा गेले, वकीलसाहेबही गेले. घरात निकाल नाही, केसचा नंबर नाही. आता प्लॉट विकायचा तर गिऱ्हाईक कोर्टाचा कागद मागतं आणि चौकशीला गेलं की “नंबर आणा” म्हणतात. नंबरच नाही तर कुठून आणू? — एक ताई, मानेवाडा

उत्तर : ताई, नंबर मागणाऱ्यावर रागावू नका. मीही आयुष्यभर तोच मागितला. रेकॉर्ड रूममध्ये माणसाच्या नावाचा कप्पा नसतो. निकाली निघालेली केस बस्त्यात बांधून फळीवर जाते, आणि ती उतरवायची तर दाव्याचा प्रकार, नंबर, वर्ष, जमलंच तर निकालाची तारीख लागते. “मानेवाड्याच्या प्लॉटची केस” म्हटल्यावर कोणता बस्ता काढणार? तिथं निम्म्या केसेस प्लॉटच्याच.

म्हणून आधी घर शोधा. निकाल नसला तरी चालेल. समन्सची प्रत, वकिलांचं पोस्टकार्ड, दाव्याची टाइप केलेली स्थळप्रत, नोटिशीची पोचपावती, यातलं काहीही पुरे. कुठल्या तरी कोपऱ्यात ‘रे.मु.नं.’, ‘नि.दि.दा.’ (नियमित दिवाणी दावा) किंवा ‘वि.दि.दा.’ (विशेष दिवाणी दावा) असं लिहून पुढे आकडा, तिरपी रेघ आणि वर्ष असेल. बाबांची डायरी असेल तर तारखांची पानं बघा. लोक ‘कोर्ट, तारीख’ लिहितात आणि शेजारी केस नंबरही टिपून ठेवतात. वकीलसाहेब गेले तरी त्यांच्या फायली बहुधा ज्युनिअरकडे किंवा मुलाकडे गेलेल्या असतात. सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात वकील संघात जाऊन त्या साहेबांचं नाव काढा. ज्युनिअर कोण होतं ते एखादा जुना वकील किंवा मुन्शी सांगेलच.

आता एक सांगतो, ते फारसं कुणी सांगत नाही. तुमच्या लेआउटवाल्यानं एकट्या तुमच्या बाबांनाच फसवलं असेल असं मला वाटत नाही. त्या काळी एका लेआउटचे पाच-दहा प्लॉटधारक मिळून एकच वकील करायचे आणि दावे एकाच दिवशी दाखल व्हायचे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे प्रत्येक दाव्याची नोंद दाव्यांच्या रजिस्टरात होते आणि दर वर्षी दाखल झाल्याच्या क्रमानं नंबर पडतात. म्हणजे शेजारच्या प्लॉटवाल्या काकांकडे त्यांच्या केसचा नंबर असला, तर तुमच्या बाबांचा नंबर त्याच्याच मागेपुढे असण्याची शक्यता मोठी. लेआउटमधल्या चार जुन्या घरांत चहा प्यायला जा.

यातून काहीच हाती लागलं नाही तर ई-कोर्ट्सची वेबसाइट किंवा मोबाइलवरचं ॲप आहे. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडून पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. तिथं ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ असे पर्याय असतात. लोक ‘निकाली’ निवडायचं विसरतात आणि “काहीच नाही” म्हणून उठतात. नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि स्पेलिंगचा घोळ तिथंच होतो. वानखेडेच्या शेवटी ‘ई’ लावली की ‘ए’, मेश्राममध्ये ‘ए’ एक की दोन, हे त्या दिवशीच्या टायपिस्टला माहीत. म्हणून पूर्ण नाव टाकू नका, आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका. बाबांच्या नावानं नाही मिळालं तर लेआउटवाल्याच्या नावानं शोधा. वादी अनेक असले तरी प्रतिवादी एकच, त्यामुळे तो लवकर सापडतो. केस मिळाली की तिचा सोळा खणांचा सीएनआर नंबर लिहून घ्या. आपल्या जिल्ह्याचा ‘एमएचएनजी’नं सुरू होतो. पुढे कधीही तो एक नंबर टाकला की केस समोर येते.

पण संगणकावर नाही म्हणजे केसच नव्हती, असं समजू नका. कोर्टात संगणक येण्याआधी निकाली निघालेल्या कित्येक केसेस त्यात नाहीत. मग जुन्या रजिस्टराचाच आधार. अंदाजे वर्ष, दोन्ही पक्षांची नावं, दावा कशाबद्दल होता, हे सगळं लिहून शोध घेण्यासाठी अर्ज करा आणि लागेल ती फी भरा. “१९९०च्या सुमारास” असं मोघम लिहिलंत तर शोधणारा कंटाळेल. “१९८९ ते १९९२” असं लिहा. बाबांची इसारचिठ्ठी कधीची, धाकट्याचा जन्म कधीचा, असं आईला विचारत गेलात की वर्ष आपोआप आवळत येतं.

नंबर मिळाला की नक्कल विभागात अर्ज. तुम्ही मूळ वादी नाही, त्यांच्या वारस आहात. म्हणून बाबांचा मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचं शपथपत्र जोडा. आणि नुसता “निकाल द्या” असा अर्ज करू नका. निकालपत्र मागा, हुकूमनामा (डिक्री) वेगळा मागा (ते दोन वेगळे कागद आहेत आणि गिऱ्हाइकाला दोन्ही लागतील), दाव्याची प्रत मागा, आणि रोजनामा अवश्य मागा. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय झालं त्याची एकेक ओळ असते. मला स्वतःला निकालापेक्षा रोजनामा वाचायला आवडायचा. केसचा खरा इतिहास त्यात असतो. नक्कल सही-शिक्क्याची घ्या. साधी झेरॉक्स दुय्यम निबंधकाकडे किंवा बँकेत कुणी धरणार नाही. आणि बस्ता जागेवर नसेल तर घाबरू नका. केस अपिलात गेली असेल तर सगळे कागद, ज्याला आम्ही आर अँड पी (रेकॉर्ड अँड प्रोसीडिंग्ज) म्हणतो, वरच्या कोर्टात गेलेले असतात. अपिलाचा नंबर विचारा.

ताई, यानंतरचं जरा नीट वाचा. “जिंकलो” म्हणजे विक्रीपत्र झालं असं नाही. असल्या निकालात बहुधा लिहिलेलं असतं की वादीनं उरलेली रक्कम अमुक मुदतीत कोर्टात जमा करावी आणि मग प्रतिवादीनं विक्रीपत्र करून द्यावं. बाबांनी पैसे भरले का? भरले असतील तर रोजनाम्यात नोंद असेल. लेआउटवाल्यानं तरीही करून दिलं नाही तर दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणून द्या असा अर्ज, टाकावी लागते, मग कोर्ट स्वतःच्या सहीनं विक्रीपत्र करून देतं. तशी दरखास्त असेल तर तिचा नंबर वेगळा, बस्ता वेगळा. आणि विक्रीपत्र खरंच झालं असेल तर त्याची नोंद दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक दोनमध्ये (इंडेक्स टू) असणार, ती तिकडे शोधा. दरखास्तीला मुदत १२ वर्षांची. ती उलटून गेली असेल आणि काहीच केलेलं नसेल तर हुकूमनाम्याचा कागद हातात असूनही प्लॉट कागदोपत्री लेआउटवाल्याचाच. तेव्हा गिऱ्हाइकाकडून एक रुपयाही बयाणा घेण्याआधी हे तपासा. नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्रचं) आरएल लेटर, आखीव पत्रिका, हे सगळं त्यानंतर.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७च्या कायद्याप्रमाणे महिलांना मिळकत न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. आणखी एक: मूळ इसारचिठ्ठी बाबांनी कोर्टात लावलेली असेल. केस संपून अपिलाची मुदत गेली किंवा अपिलाचा निकाल लागला की लावलेले मूळ कागद परत मागता येतात. शेकडो मूळ विक्रीपत्रं, इसारचिठ्ठ्या अशाच बस्त्यांत पडून आहेत, कारण मागायला कुणी आलंच नाही.

प्रश्न : काटोलजवळ पाच एकर संत्र्याचा बगीचा घ्यायचा विचार आहे. सातबारा कोरा आहे, पटवारी म्हणतो काही भानगड नाही. तरी या शेतावर कोर्टात दावा आहे का हे माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारू का? — एक वाचक, काटोल रोड

उत्तर : भाऊ, कोर्टाचे कागद मिळवायला माहितीचा अधिकार हा रस्ता नाही. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२०मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. न्यायालयीन कागदांच्या नकला कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच मिळतात. तुम्ही त्या केसमध्ये पक्षकार नसलात तर कागद का पाहिजे याचं कारण शपथेवर द्यावं लागतं आणि द्यायचं की नाही ते कोर्ट ठरवतं. “मी विकत घेणार आहे” हे कारण वाईट नाही. पण आधी केस आहे का, हे तर कळायला पाहिजे.

आणि इथं मोठी गंमत आहे. ई-कोर्ट्सवर गट नंबर टाकून, खसरा नंबर टाकून शोधता येत नाही. शोध माणसाच्या नावानं होतो, शेताच्या नाही. म्हणून सातबाऱ्यावर आज ज्याचं नाव आहे तेवढ्यावर थांबलात तर अर्धंच पाहिलं. जुने फेरफार काढा आणि गेल्या दोन पिढ्यांत ज्यांची ज्यांची नावं आली-गेली त्यांची यादी करा. त्या यादीत बहिणी टाका. ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित इस्टेटीत मुलीला मुलासारखाच हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये सांगितलं. तेव्हापासून वाटणीच्या दाव्यांत वादी म्हणून बहिणींची नावं सर्रास दिसतात. सातबाऱ्यावरून बहीण केव्हाच उतरलेली असते आणि कोर्टात मात्र तिचा दावा उभा असतो. तिचं नाव माहेरच्या आडनावानंही शोधा, सासरच्याही. सासरचं आडनाव पटवारी सांगणार नाही. गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारा, ती तीन पिढ्या सांगेल.

कोर्टही एकच बघू नका. काटोलचं दिवाणी कोर्ट बघाच. पण दाव्याची किंमत जास्त असली तर तो वरिष्ठ स्तराच्या कोर्टात जातो आणि अपील जिल्हा कोर्टात, म्हणून नागपूरही बघा. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या केसेस वेगळ्या शोधाव्या लागतात. धुऱ्याचं (बांधाचं) भांडण, वहिवाटीचा रस्ता, फेरफारावरचा आक्षेप, हे तर पुष्कळदा दिवाणी कोर्टात येतच नाही. ते तहसीलदार आणि एसडीओकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) चालतं, त्याची चौकशी तिथंच करायची. बँकेचं मोठं कर्ज थकलेलं असेल तर प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात. एवढं सगळं करून काही सापडलं नाही, तरी एखाद्या चांगल्या वकिलाकडून शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. पाच एकर संत्रा फुकटात येत नाही, मग हजार-दोन हजार वाचवता कशाला?

पटवाऱ्याच्या “भानगड नाही” यावर मी काही बोलत नाही.

प्रश्न : मुलीसाठी अमेरिकेतलं स्थळ आलंय. मुलगा टेक्सासला, डॅलसकडे असतो. त्याचं पहिलं लग्न इथंच, नागपुरात झालं होतं. घटस्फोट तिकडे झाला म्हणतात. कागद मागायला संकोच वाटतो. तिकडच्या कोर्टाचं रेकॉर्ड इथून बघता येतं का? — एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, संकोच सोडा. नाशिकचा मुलगा असता तर तुम्ही चार लोकांकडे चौकशी केली असती, ही तशीच चौकशी आहे. आणि तिकडं ती सोपीच आहे, कारण तिथं कोर्टाचं रेकॉर्ड मुळात लोकांसाठी खुलं असतं.

फक्त कुठं बघायचं ते कळलं पाहिजे. अमेरिकेत घटस्फोट, घरमालक-भाडेकरू, पैशाचे दावे असल्या बहुतेक गोष्टी राज्यांच्या कोर्टात चालतात, आणि ती कोर्टं काउंटीप्रमाणे असतात. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं, पण आकारानं बरंच लहान-मोठं. सगळ्या देशात तीन हजारांवर काउंट्या, एकट्या टेक्सासमध्ये २५४. सगळ्यांना मिळून एक वेबसाइट नाही. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांची पेसर नावाची एक व्यवस्था आहे, पानाला १० सेंट घेते, पण तिथं घटस्फोट सापडणार नाही. दिवाळखोरी मात्र सापडेल, आणि तीही बघायला हरकत नाही.

टेक्सासमध्ये घटस्फोटाचे कागद त्या काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लर्कच्या कार्यालयात असतात. नवरा-बायकोपैकी निदान एकानं राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस राहिलेलं असावं लागतं. म्हणून मुलगा आज कुठं राहतो ते विचारू नका, घटस्फोटाच्या वेळी दोघं कुठं राहत होते ते विचारा. ‘डॅलस’ म्हणतात, पण घर शेजारच्या प्लॅनो शहरात असेल तर काउंटी कॉलिन. काउंटी कळली की डिस्ट्रिक्ट क्लर्कच्या साइटवर नावानं शोधता येतं का ते बघा. केसच्या नंबराला तिथं ‘कॉज नंबर’ म्हणतात. मुलाकडं तो मागितला तर त्यात वावगं काही नाही. ज्याच्याकडे खरा निकाल आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. काउंटीच माहीत नसेल तर टेक्सासच्या आरोग्य खात्याकडे १९६८पासूनच्या घटस्फोटांची नोंद आहे, तिथून पडताळणीचं पत्र मिळतं. ते पत्र म्हणजे निकाल नव्हे, नोंद आहे एवढंच सांगतं. स्थळ कॅलिफोर्नियाचं असतं तर काम अवघड होतं. तिथं कौटुंबिक केसचे कागद घरबसल्या उघडत नाहीत, कोर्टातच जाऊन बघावे लागतात.

शेवटचा निकाल, ‘फायनल डिक्री ऑफ डिव्होर्स’, सही-शिक्क्यासह मागवा आणि त्यावर त्या राज्याचं अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे कागद खरा असल्याचं प्रमाणपत्र, घ्यायला सांगा. आपण आणि अमेरिका दोघंही त्या करारात आहोत, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही.

पण ताई, कागद खरा असणं आणि तो इथं चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं लग्न नागपूरला हिंदू पद्धतीनं झालंय. परदेशी निकाल इथं कधी मानायचा ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३मध्ये आहे, आणि १९९१च्या नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी घटस्फोटांबद्दल कडक भूमिका घेतली. पहिली बायको तिथल्या कोर्टात हजर झाली होती का, तिनं मान्यता दिली होती का, की तिच्या पाठीमागं एकतर्फी झालं? आणि घटस्फोट कुठल्या कारणावर? हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर आणि एकतर्फी झाला असेल तर इथल्या कायद्याच्या नजरेत पहिलं लग्न अजून उभं असू शकतं, आणि मग तुमच्या मुलीचं लग्नच शून्य ठरेल. निकालाची प्रत हातात आली की ती नागपुरातल्या कौटुंबिक कोर्टाच्या चांगल्या वकिलाला दाखवा. साखरपुड्याची तारीख त्यानंतर काढा.

प्रश्न : आजोबांची वाड्याची केस १९४०च्या दशकात ‘नागपूर हायकोर्टा’पर्यंत गेली होती असं घरात सांगतात. तेव्हा तर आपण मुंबईला जोडलेलो नव्हतो. मग ते रेकॉर्ड कुठल्या नावानं शोधायचं? — एक वाचक, महाल

उत्तर : शेजारीच निघालात की! घरचे बरोबर सांगतात. नागपूरला स्वतःचं हायकोर्ट २ जानेवारी १९३६ला झालं आणि १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला तोवर ते होतं. सिव्हिल लाइन्समधली आजच्या खंडपीठाची घुमटाची इमारत त्याच हायकोर्टासाठी बांधलेली.

तुम्ही रजिस्टरात हात घालण्याआधी पुस्तकात बघा. ऑल इंडिया रिपोर्टर, आपलं एआयआर, नागपुरातूनच निघतं, आणि त्या काळात नागपूर हायकोर्टाच्या निकालांचा त्यात वेगळा भाग असायचा. प्रत्येकच निकाल छापला जात नव्हता, पण कायद्याचा एखादा मुद्दा असला तर छापला जायचा. जुन्या वकिलांच्या कपाटात किंवा कायद्याच्या ग्रंथालयात १९३६ ते १९५६चे ते खंड असतात. शेवटी किंवा सुरुवातीला पक्षकारांच्या नावांची सूची असते, तीत आजोबांचं आडनाव इंग्रजीच्या जुन्या वळणानं शोधा. ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’, ‘ई’च्या जागी ‘ए’ असं काहीही असेल. निकाल सापडला तर त्याच्या डोक्यावर अपिलाचा नंबर आणि तारीख असेल, आणि बहुधा खालच्या कोर्टाच्या निकालाचाही उल्लेख. तेवढं झालं की अर्ज लिहायला बसा. अर्जात ‘नागपूर हायकोर्ट, द्वितीय अपील नंबर अमुक, सन अमुक’ असंच लिहा, ‘मुंबई हायकोर्ट’ लिहू नका. आणि खालच्या कोर्टाचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत निघाले तर गोंधळू नका, तेव्हा आपण सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, या प्रांतात होतो.